लाजिरवाण्या इतिहासाच्या जागा: तुम्ही काय पाहिलंत?

नुकतीच जालियनवाला बाग पाहून आले. डायरने ज्या चिंचोळ्या बोळातून सैनिक आत आणले, त्याच्या भिंतींवर 2021च्या नूतनीकरणात हसऱ्या माणसांची शिल्पं बसवली आहेत. लोक त्यांना टेकून सेल्फी काढत होते. बाहेर पडायची मुख्य वाट हीच, आणि तीच अडवलेली होती, हे आता तिथे उभं राहून अंगावर येत नाही. चकचकीत करणं म्हणजे जतन का? तुमचे अनुभव लिहा.

म्युनिककर: इथून डाखाउ लोकलने जवळ. 1933ची छळछावणी. साठच्या दशकात मोडकळीला आलेल्या बराकी पाडल्या, दोनच नव्याने उभ्या केल्या. बाकीच्यांच्या जागी नुसते खडी भरलेले चौथरे, ओळीने. सजावट शून्य. 1965 साली स्मारक झालं तेही सुटलेल्या कैद्यांनी लावून धरलं म्हणून. माझ्या मुलाच्या शाळेची सहल गेली होती. घरी आल्यावर त्याने विचारलं, 'गावातल्या लोकांना माहीत नव्हतं?' काय सांगणार!

भटकभवानी: अंदमानचं सेल्युलर जेल. सात पाखांपैकी तीनच उरलेत. कोठडीचा कडी-कोयंडा दाराच्या बाजूला भिंतीत खोल कोनाड्यात आहे, आतून कितीही हात लांबवला तरी पोचत नाही. मी गजांतून हात घालून पाहिलं. एवढी अक्कल लावून हे कुणीतरी कागदावर आखलं असेल, या विचारानेच शिसारी आली. संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम अर्ध्यात सोडला, तो नसता तरी चाललं असतं.

महाडचा: ही सगळी इंग्रजांची, जर्मनांची लाज झाली. आमच्या गावचं चवदार तळं घ्या. 20 मार्च 1927ला बाबासाहेब तिथे पाणी प्यायले आणि नंतर सवर्णांनी 108 घागरी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं. सत्याग्रहाबद्दल आमच्या घरात सगळे अभिमानाने बोलतात. घागरी कुणी उचलल्या, हे विचारलं की आजोबा पेपर उघडायचे.

भटकभवानी: घागरींचंही स्मारक हवं, असं म्हणताय का?

महाडचा: हो, तळ्याच्या काठावरच.

भोपाळवासी: आमच्याकडे उलटं आहे. 1984चा गॅसकांडाचा कारखाना गंजत उभा आहे. आतला 337 टन विषारी कचरा हलला तो थेट 2025च्या जानेवारीत, आणि तोही पीथमपूरकरांच्या माथी. आसपासच्या वस्त्यांचं जमिनीखालचं पाणी नासलंय. स्मारक जरूर करा, पण आधी ती माती काढा.