ठरलेली भेट रद्द झाल्यावर

वेळ ठरवूनही माणसे दार उघडत नाहीत, तेव्हा मॉर्मन (अमेरिकेत सुरू झालेला एक ख्रिस्ती पंथ) मिशनऱ्यांनी, म्हणजे धर्मप्रसारासाठी फिरणाऱ्या तरुण-तरुणींनी, उमेद कशी टिकवावी, या प्रश्नाबाबत थोडे लिहितो. ही मुले 24 महिने आणि मुली 18 महिने जोडीदारासह सेवा करतात, एक खचला तर दुसरा सावरतो (दोघांचे पटत असेल तर!). सांगलीत विमा विकताना मीही विश्रामबाग भागात भर उन्हात कुलूप लावलेल्या दारापुढे उभा राहिलो आहे, आणि वहीत प्रत्येक भेटीसमोर त्याच गल्लीतले दुसरे नाव आधीच लिहून ठेवू लागल्यावर फेरी वाया गेल्याची चिडचिड बरीच कमी झाली. मिशनऱ्यांनाही अशी पर्यायी भेट योजायला शिकवतात. शिवाय 2019 पासून त्यांना दर आठवड्याला घरी फोन करता येतो. त्या फोनवर केवळ खुशालीच सांगावी, असे थोडेच आहे?