शब्दचर्चा : ‘दुष्ट’ कमी पडतो तेव्हा

प्रश्न

अंधेरीतल्या एका स्टुडिओसाठी मी मुलांच्या मालिकांचे मराठी संवाद लिहिते. सध्या एका सुपरहिरो अ‍ॅनिमेशन मालिकेचं काम हातात आहे. एका भागाच्या शेवटी नायिका खलनायकाच्या डोळ्यांत बघून एकच वाक्य बोलते. मूळ इंग्रजी शब्द ‘इव्हिल’. मी लिहिलं, ‘तू दुष्ट आहेस.’ रेकॉर्डिंगआधी वाचन झालं आणि काचेपलीकडचे सगळे हसले. त्यांचं चुकलं नाही. ‘दुष्ट’ आपण घरात लाडाने वापरून पार गुळगुळीत केलाय. शेवटचा पेढा पळवणारा भाऊ दुष्ट, महिनाभर फोन न करणारी मैत्रीण दुष्ट. इथे तर त्या माणसाने अख्खं शहर पाण्याखाली घातलंय.

‘क्रूर’ म्हणावं तर तो स्वतः कुणावर बोटही उगारत नाही. ‘नीच’ या शब्दामागे उतरंडीचा सगळा इतिहास उभा राहतो, तो मला मुलांच्या तोंडी द्यायचा नाही. ‘राक्षस’ म्हटलं की शिंगं आणि सुळे आले. ‘नराधम’ बातम्यांतच राहतो. ‘खलनायक’ हे कथेतल्या कामाचं नाव, स्वभावाचं नव्हे. चेहरा पडदाभर आहे, ओठांची हालचाल जुळायला हवी, त्यामुळे पाच-सहा अक्षरांत बसायला हवं. सुचवा.

प्रतिसाद (दादर)

आधी तुमचा खलनायक नेमका कसा आहे ते ठरवावं लागेल, कारण आपले शब्द त्याबाबत फार काटेकोर आहेत. ‘दुष्ट’ आला ‘दुष्’ या धातूवरून, म्हणजे बिघडणे. दोष, दूषण, दूषित ही त्याचीच भावंडं. आयुर्वेदात लवकर न भरणाऱ्या, चिघळलेल्या जखमेला ‘दुष्ट व्रण’ म्हणतात. म्हणजे दुष्ट तो, जो आधी धड होता आणि मग नासला.

याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उदाहरण बॅटमनच्या १९९२ साली सुरू झालेल्या अ‍ॅनिमेशन मालिकेतलं, मिस्टर फ्रीझ. १९५९ साली कॉमिक्समध्ये आला तेव्हा तो बर्फाची बंदूक घेतलेला एक किरकोळ चोर होता. पॉल डिनी यांनी या मालिकेतल्या एका भागात त्याला आजारी बायको दिली, नोरा. ती बरी होईपर्यंत गोठवून ठेवण्यासाठी त्याची धडपड चालते. कंपनीचा मालक खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग बंद पाडतो, झटापटीत फ्रीझ रसायनांत पडतो आणि त्यानंतर थंडीबाहेर जगूच शकत नाही. त्या लेखनाला अमेरिकन टीव्हीचं एमी पारितोषिक मिळालं. आपण फ्रीझला थांबवा म्हणतो, पण त्याचा द्वेष करवत नाही. शब्दशः दुष्ट, नासलेला.

आणि तो मालक, फेरिस बॉइल? त्याच भागात मानवतेच्या कार्याबद्दल त्याचा सत्कार चालू असतो! त्याला मराठीत ‘साळसूद’ म्हणेन. कोशात साळसूद म्हणजे सरळ, सज्जन. बोलण्यात मात्र आपण तो शब्द सज्जनपणाचा आव आणणाऱ्यालाच लावतो. भाषेने माणसं ओळखून अर्थ फिरवला. बॉइलला आवाज दिला मार्क हॅमिल यांनी, आणि मालिकेतल्या जोकरचा आवाजही त्यांचाच.

तुम्ही शोधताय तो शब्द जोकरसारख्यासाठी असावा, ज्याला दुसऱ्याचे हाल करण्यातच मजा वाटते. इथे भर्तृहरीची आठवण काढावीच लागते. नीतिशतकातल्या एका श्लोकात तो माणसांच्या प्रती लावतो : स्वार्थ सोडून परहित करणारे सत्पुरुष, स्वार्थाला धक्का न लावता परहित करणारे सामान्य, स्वार्थासाठी दुसऱ्याचं हित मोडणारे ‘मानुषराक्षस’. आणि कारण नसताना मोडणारे? ‘ते के न जानीमहे’, ते कोण, आम्हाला कळत नाही. इतका मोठा कवी, शब्दांवर इतकी हुकमत, आणि या चौथ्यापाशी नाव द्यायला थांबला. मी दरवेळी इथे अडखळतो. मराठीने मात्र नाव दिलं : विघ्नसंतोषी. दुसऱ्याच्या अडचणीतच ज्याचा आनंद आहे, तो.

प्रतिसाद (मुलुंड)

अर्थ पटला, शब्द पटला नाही. विघ्नसंतोषी आज फार लहान झालाय. सोसायटीच्या सभेत पुनर्विकासाला खोडा घालणारा सभासद विघ्नसंतोषी, पुढाऱ्यांच्या पत्रकातले ‘काही लोक’ विघ्नसंतोषी. शहर बुडवणाऱ्याला तो अपुराच. शिवाय पाच अक्षरं त्यातच संपतात.

मी ‘खळ’ सुचवेन. ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ इथल्या मुलांच्या कानावर असतं, शाळेच्या प्रार्थनेतून नाहीतर लताबाईंच्या आवाजातून. पण एक अडचण मला स्वतःलाच दिसते. ज्ञानदेव खळ नाहीसा होवो असं मागत नाहीत, त्याचा वाकडेपणा गळून पडो असं मागतात. म्हणजे त्या शब्दात सुधारणेची आशा धरलेली आहे. तुमच्या प्रसंगाला ती हवी आहे का?

प्रतिसाद (गिरगाव)

आमची आजी चाळीतल्या गॅलरीत बसून माणसांची पारख करायची. रागीट माणसाला ती तापट म्हणायची, फसवणाऱ्याला कपटी. पण एकदा कुणीतरी पिल्लं असलेल्या मांजरीला पावसात बाहेर काढून दार लावलं आणि खिडकीतून बघत राहिला, तेव्हा म्हणाली, ‘उलट्या काळजाचा आहे मेला.’ त्यानंतर ती त्याच्याशी कधी बोलली नाही.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. काल रात्री लोकलमध्ये संहिता पुन्हा वाचली. माझ्या खलनायकाला शहर बुडवून काहीच मिळत नाही, पैसा नाही, सत्ताही नाही. तो बचावाच्या होड्या अडवतो, नायिकेला विचारतो की दोन मैत्रिणींपैकी कुणाला वाचवशील, आणि तिचा चेहरा बघत बसतो. गिरगावच्या आजींची मांजर वाचून अंगावर काटा आला, कारण प्रसंग हाच आहे. खिडकीतून बघणं.

मग विशेषण काढूनच टाकलं. ती आता म्हणते, ‘तुला आवडतंय हे.’

‘इव्हिल’मधल्या ‘व्ह’ला खालच्या ओठावर दात टेकतात, तिथे ‘आवडतंय’मधला ‘व’ नेमका बसला. अक्षरं जास्त आहेत, पण सुरुवात किंचित भरभर घेतली की चालतं. आज सकाळी वाचन झालं तेव्हा कुणी हसलं नाही. आवाज देणाऱ्या मुलीने आपणहून दुसऱ्यांदा म्हणून बघितलं, आणखी हळू.

पुढच्या भागात ‘इव्हिल’ हाच शब्द थेट शीर्षकात आहे. तिथे ओठांचं बंधन नाही. ‘उलट्या काळजाचा’ देऊन बघते.