डावीकडे वळताना टक्कर : दोष कुणाचा आणि किती टक्के?

मंडळी, नमस्कार.

मंडळातल्या एका कुटुंबासाठी विचारते आहे. अपघात इथे अमेरिकेतला, जिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि डावीकडे वळताना समोरून येणाऱ्यांची लेन ओलांडावी लागते. चौकात सिग्नल हिरवा होता, पण वळणाचा बाण नव्हता. त्यांची गाडी डावीकडे वळत असताना समोरून सरळ येणारी गाडी आदळली. पोलिसांनी तिकीट यांनाच दिलं (म्हणजे वाहतुकीचं चलान). आता समोरच्याच्या विमा कंपनीचा माणूस फोनवर जबाब रेकॉर्ड करायचा म्हणतोय. तिकीट मिळालं म्हणजे दोष ठरलाच का? आणि राज्य नो-फॉल्ट असेल तर दोषाचा प्रश्न येतोच कुठे?

चिटणीस

---

चिटणीसताई,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण गैरसमज तिथेच जास्त आहे. नो-फॉल्ट म्हणजे दोष कुणाचाच नाही, असं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच, की दोष कुणाचाही असो, उपचाराचा खर्च आधी आपापल्या पॉलिसीतून होतो. न्यूयॉर्कमध्ये ही रक्कम किमान ५०,००० डॉलर आहे आणि अर्ज ३० दिवसांत जावा लागतो. ही मुदत चुकली की बिलं अडकतात. गाडीच्या नुकसानीचा हिशेब मात्र तिथेही दोषावरच होतो. वेदना आणि त्रासाची भरपाई हवी असेल, तर दुखापत कायद्यात सांगितलेल्या गंभीर प्रकारात बसावी लागते.

आता तिकीट. तिकीट वाहतूक कोर्टाचं, भरपाई दिवाणी कोर्टाची, म्हणून नुसत्या तिकिटाने दोष ठरत नाही. अडचण येते ती घाईघाईने गुन्हा कबूल करून दंड भरला की, कारण बऱ्याच राज्यांत ती कबुली पुढे भरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येते. न्यू जर्सीत कबुली देताना 'सिव्हिल रिझर्व्हेशन' मागता येतं. ते मिळालं की ती कबुली दिवाणी दाव्यात वापरता येत नाही. मात्र ते मागावं लागतं, आपोआप मिळत नाही. तेव्हा दंड भरण्याआधी एकदा वकिलाशी बोलून घ्या.

राहिला फोन. आपल्या विमा कंपनीला सहकार्य करणं पॉलिसीतच लिहिलेलं असतं, त्यांना लवकर आणि खरं सांगा. समोरच्याच्या कंपनीला रेकॉर्डेड जबाब देण्याचं बंधन नसतं. "बहुतेक तो लांब होता", "मला तो दिसलाच नाही" अशी वाक्यं तिथे नोंदली जातात आणि पुढे तीच आपल्यावर उलटतात. क्लेम नंबर घ्या आणि आमची कंपनी बोलेल एवढंच सांगा.

अ. ज.

---

> पोलिसांनी तिकीट यांनाच दिलं

बाण नसताना वळणाऱ्याने समोरच्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. त्यामुळे सुरुवातीचं पारडं तुमच्या विरोधातच झुकलेलं असणार, हे मान्य करूनच पुढे चला. पण सगळा, शंभर टक्के दोष तुमचाच, हे अजून सिद्ध झालेलं नाही. इथे समोरच्याच्या वेगाचं गणित उपयोगी पडतं.

समजा, वळायला सुरुवात केली तेव्हा समोरची गाडी २५० फुटांवर होती. ताशी ४० मैल म्हणजे सेकंदाला साधारण ५९ फूट, म्हणजे पोचायला सव्वाचार सेकंद. ६० मैलांनी सेकंदाला ८८ फूट, म्हणजे पावणेतीन सेकंदांत गाडी अंगावर. दोन लेन ओलांडायला तीन-चार सेकंद लागत असतील, तर पहिल्या हिशेबात वळण पुरं होतं, दुसऱ्यात टक्कर होते. वेगमर्यादा ४० ची असेल, तर हाच फरक समोरच्याच्या वाट्याला टक्के घालतो.

मग हा वेग सिद्ध कसा करायचा? बहुतेक नव्या गाड्यांत एअरबॅगच्या यंत्रणेत नोंद होते. तिथे टक्करीच्या आधीच्या किमान पाच सेकंदांचा वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर असं मिळतं. एअरबॅग उघडली असेल तर नोंद पक्की राहते. एअरबॅग उघडली नसेल तर पुढच्या झटक्यात नोंद पुसली जाऊ शकते. २०१५ च्या संघीय कायद्याने ही माहिती गाडीच्या मालकाची, म्हणून समोरच्याची नोंद त्याच्या संमतीने किंवा कोर्टाच्या आदेशानेच मिळते. आणि गाडी 'टोटल', म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशी ठरली, की थोड्याच दिवसांत सॅल्व्हेजच्या, म्हणजे मोडक्या गाड्यांच्या लिलावात जाते, मग सगळंच संपतं. म्हणून दोन्ही कंपन्यांना "गाडी आणि तिच्यातली नोंद जपून ठेवा" असं पत्र लगेच पाठवा.

दुकानांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तर काही दिवसांतच नव्या रेकॉर्डिंगखाली जातं. त्यामुळे आजच चौकात जाऊन विचारा. शहराच्या वाहतूक खात्याकडून सिग्नलच्या वेळांचा तक्ताही मागवा. पिवळा किती सेकंद होता, हे साक्षीदाराच्या आठवणीपेक्षा तो तक्ता नेमकं सांगतो.

गाड्यांचे फोटो काढताना नुसता चेपलेला भाग नको, चारही बाजू आणि चौकाचा आवाका आला पाहिजे. तुमच्या गाडीचं मागचं उजवं चाक आणि त्यामागचा पत्रा चेपला असेल, तर वळण जवळपास पुरं होत आलं होतं असं दिसतं. पुढचा उजवा कोपरा चेपला असेल, तर तुम्ही नुकतेच त्याच्या लेनमध्ये शिरला होतात. एकट्या फोटोने निकाल लागत नाही, पण अ‍ॅडजस्टर, म्हणजे नुकसान तपासणारा विमा कंपनीचा माणूस, पहिल्यांदा बघतो तो हाच.

एक सापळाही सांगून ठेवते. जवळच्या लेनमध्ये थांबलेल्या ड्रायव्हरने हात हलवून "जा" म्हटलं आणि पलीकडच्या लेनमधल्या गाडीने ठोकलं, तर त्या हाताचा फारसा आधार मिळत नाही. ती लेन बघायची जबाबदारी वळणाऱ्याचीच राहते.

म. क.

---

टक्क्यांचं काय होतं ते राज्यावर ठरतं, आणि ते राज्य अपघात जिथे घडला तिथलं, तुमच्या घराचं नव्हे. समजा, नुकसान ४०,००० डॉलर आणि तुमचा दोष ३० टक्के. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, टेक्सास सगळीकडे २८,००० मिळायला हवेत. पण व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामात शून्य, कारण तिथे तुमचा थोडासा दोष निघाला तरी दावा बुडू शकतो.

दोष ६० टक्के निघाला तर चित्र आणखी बदलतं. कॅलिफोर्निया-न्यूयॉर्कमध्ये १६,००० मिळू शकतात. टेक्सास किंवा न्यू जर्सीत ५० टक्क्यांच्या वर गेलं की काहीच नाही. जॉर्जियात ५० टक्क्यांनाच दार बंद. फ्लोरिडा २०२३ च्या मार्चपर्यंत कॅलिफोर्नियासारखं होतं. आता तिथेही ५० च्या वर काही मिळत नाही, आणि दुखापतीच्या दाव्याची मुदत चारऐवजी दोन वर्षं झाली. जुन्या लेखांवर विसंबू नका.

मुदतींचंही नीट बघा. कॅलिफोर्नियात दुखापतीसाठी दोन वर्षं, गाडीच्या नुकसानीसाठी तीन. पण शहराच्या बसने ठोकलं असेल तर सहा महिन्यांत लेखी क्लेम द्यावा लागतो. न्यू जर्सीत सरकारी संस्थेला नोटिशीची मुदत फक्त ९० दिवस आहे.

र. दे.

---

अ. ज. पुन्हा. दोन गोष्टी राहिल्या.

चौकात "तुम्हाला लागलं का?" जरूर विचारा, ती माणुसकी आहे. "चूक माझीच" मात्र म्हणू नका. कॅलिफोर्नियाच्या पुरावा कायद्यात सहानुभूतीचे शब्द वगळले जातात, पण त्याच वाक्यातली दोषाची कबुली वगळली जात नाही.

दुसरं, गाडीच्या दुरुस्तीचा चेक घेताना सोबतचा कागद वाचा. 'सर्व दावे' असं लिहून सही मागितली असेल, तर मानेच्या दुखण्याचा दावाही त्यातच गेला. फक्त मालमत्तेच्या नुकसानीपुरता रिलीज, म्हणजे दावा सोडल्याचा कागद, मागा. मान कधीकधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धरते.