क्लेझ्मर क्लॅरिनेट : सुरुवात कुणापासून करावी?

मंद्रसप्तक : परवा नफ्तुले ब्रँडवाइन यांचं जुनं रेकॉर्डिंग ऐकलं आणि हातातलं काम तसंच राहिलं. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या लग्नात हे क्लेझ्मर संगीत वाजायचं, इतकंच कळलं. हा माणूस कोण? पुढे काय ऐकू? मी क्लॅरिनेट शिकतोय, त्यामुळे वाजवण्याबद्दलही सांगा.

जुनी_तबकडी : फार मोठा माणूस! जन्म 1884 चा, गॅलिशियातल्या प्शेमिश्लानीचा. हे गाव आता पश्चिम युक्रेनमध्ये आहे. घराणंच वादकांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आले आणि 1920 च्या दशकात न्यूयॉर्कला त्यांच्या तबकड्या निघाल्या. बोटं कुणी चोरून पाहू नयेत म्हणून श्रोत्यांकडे पाठ करून वाजवायचे, असं सांगतात. नोटेशन वाचता येत नव्हतं. मोठ्या ऑर्केस्ट्रांचे दिवस आल्यावर ते नडलं.

आधी ‘फिर्न दि मेखुतोनिम अहेम’ (1923) ऐका. लग्न आटोपल्यावर व्याह्यांना घरी पोचवतानाची ही धून. चाल संथ आहे, पण एकही सूर सरळ येत नाही. प्रत्येकाला कुठे मुरकी, कुठे हुंदका. मी आजही ती एका बैठकीत दोनदा ऐकतो.

पंचम_लागला : ऐकायला ब्रँडवाइन, मान्य. पण शिकणाऱ्याने डेव्ह टॅरस धरावेत. जन्म 1897, युक्रेनमधल्या तेर्नोव्हकाचा. झारच्या सैन्यातल्या बँडमध्ये होते, नोटेशन पक्कं. 1921 मध्ये अमेरिकेत उतरले तेव्हा सामानाच्या निर्जंतुकीकरणात क्लॅरिनेटची वाट लागली, मग फरच्या कारखान्यात काम केलं. पुढे चेर्न्याव्स्कींच्या ऑर्केस्ट्रात ब्रँडवाइन यांच्या जागी हेच आले. 1984 मध्ये अमेरिकेने त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान दिला. त्यांचा सूर स्वच्छ असतो, द्रुत लयीतही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. नक्कल करून शिकायला असाच वादक हवा.

जुनी_तबकडी : हे पटलं. टॅरस यांचे शिष्य अँडी स्टॅटमनही ऐका, गुरूंनी स्वतःची क्लॅरिनेट त्यांना दिली होती. क्लॅरिनेटवादक गिओरा फाइडमनही गोड वाजवतात, पण लग्नघरातली धांदल मला तिथे सापडत नाही.

मंद्रसप्तक : दोघांचेही आभार. तो हुंदका कसा काढतात? आणि स्वर कोणते?

पंचम_लागला : त्याला क्रेख्त्स म्हणतात. सूर सोडताना वरच्या स्वराला ओझरता स्पर्श करायचा आणि घसा आवळल्यासारखा तिथेच तोडायचा. दोन सुरांच्या मध्ये, अगदी क्षणभर. दर सुराला लावलात तर रडगाणं होईल. स्वरांचं म्हणाल तर फ्रेगिश नावाची त्यांची एक स्वरमाला आहे : रे, ध, नी कोमल, बाकी शुद्ध. बसंत मुखारीचेच स्वर! तुमची बोटं तिथे लगेच रुळतील.

मंद्रसप्तक : जुने वादक सी पट्टीचं क्लॅरिनेट वापरायचे असं वाचलं. माझं बी-फ्लॅट पट्टीचं आहे. बदलू का?

जुनी_तबकडी : अजिबात नको. आजचे कितीतरी क्लेझ्मर वादक बी-फ्लॅटवरच वाजवतात. ते पैसे चांगल्या रीडवर (तोंडाशी कंप पावणारी पातळ पट्टी) घाला, आणि टॅरस यांचा एखादा बुल्गार, म्हणजे नाचाची धून, निम्म्या वेगाने लावून सोबत वाजवत राहा.