चौसा गवळाऊ गोऱ्हा: शंकरपटात (बैलजोडीच्या शर्यतीत) कधी उतरवावा, किती वर्षं धावतो?

आर्वीचा_गोऱ्हा:
राम राम मंडळी. घरचा गवळाऊ जातीचा गोऱ्हा आहे. चार दात लागले, अंगानं हलका, पायानं लांब. वखराला जुपला की जोडीदाराला ओढत नेतो. यंदाच्या पटात काढा म्हणून घरचे मागं लागलेत. वय झालं का? सराव कसा द्यायचा, खुराक किती? आणि असा बैल किती हंगाम टिकतो? जोडीला बाहेरून खिल्लार जातीचा बैल आणा, असंही कोणी सुचवतं.

धुरकरी_वर्धा:
भाऊ, चौसा म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन वर्षांचा. हाडं भरायचीच आहेत. यंदा फक्त सवय लावा. सहा दात झाले की गावगटात (गावपातळीच्या पटात) एखाद-दुसरी धाव, आणि दात पुरे जुळले की मोठा पट. पाच ते आठ हीच त्याची खरी वर्षं. नवव्या-दहाव्या वर्षी सुटताना झेप तीच दिसते, पण शेवटच्या टप्प्यात मागं पडायला लागतो. तेव्हा त्याला शेतीकडं वळवा, हंगाम ओढत बसू नका.

वेग एकट्याचा पाहू नका. पट जोडीचा असतो, आणि चांगले बैल वाया जातात ते इथंच. एक बैल हातभर पुढं गेला की जू तिरपं होतं, मागच्याच्या मानेला शिवळ (जुवाची खुंटी) रुतते आणि छकडा (शर्यतीची हलकी गाडी) त्याच मागच्या बैलाच्या अंगाला वळतो. धुरकऱ्यानं (गाडी हाकणाऱ्यानं) कासरा ओढून सरळ केलं तरी तेवढ्यात सेकंद गेलेले असतात. खांद्यांच्या उंचीत दोन-तीन बोटांहून जास्त फरक नको. पारख सोपी आहे: कासरा ढिला सोडून जोडी मध्यम चालीनं पळवा आणि मागून जू पाहा. आडवं सरळ राहिलं तर जोडी जमते. म्हणून खिल्लारच पाहिजे असं काही नाही. ती अंगानं मोठी जात, गवळाऊसोबत उंची आणि टाप जुळणं कठीण. गवळाऊ मुळात चालीचीच जात आहे, हेटीकुंडीच्या सरकारी केंद्रात ती जोपासतात. जोडीदार आपल्याच भागात शोधा.

सराव दिवाळीनंतर सुरू करा. पहिले तीन आठवडे शांत, पोक्त बैलासोबत नुसतं जू. मग रिकामा छकडा. पूर्ण जोराची धाव आठवड्यातून दोनदाच, मधे तीन दिवसांचं अंतर. बाकी दिवशी सकाळी तीन-चार किलोमीटर चालवा. धावेपेक्षा उभं राहणं शिकवा. सुटायच्या जागी जो नाचतो तो अर्धा जोर तिथंच घालवतो, आणि आधी उडी मारली तर जोडीदाराला हिसका बसतो. धरणारी माणसं रोज तीच ठेवा.

ढोरांचा_डॉक्टर:
वरचं सगळं बरोबर. पण सरावाआधी तीन गोष्टी पाहा.

सकाळी गोठ्यातून बाहेर काढताना मागचा पाय पहिल्या पाच-दहा पावलांत झटका देऊन उचलतो का? गुडघ्याची वाटी वर अडकत असेल तर असं होतं. चालून गरम झाला की लपतं, म्हणून बाजारात विकणारे आधी फिरवून आणतात. छोट्या शस्त्रक्रियेनं बरं होतं, पण ती पशुवैद्यकाकडूनच करून घ्या.

दुसरं, पूर्वी लाळ्या-खुरकूत होऊन गेली का ते विचारा. काही बैल त्यानंतर उन्हात कायम धापा टाकतात, केस लांब वाढतात. असा बैल पटाला नको, कितीही चपळ असो.

तिसरं, खुरांची फट आणि मानेवरची गाठ. खांदा सुजलेला असताना जू ठेवलं की गाठ पक्की होते. पोळ्याला खांद शेकतो ते बरोबरच, पण त्यानं सूज बरी होत नाही, आराम लागतो.

लघवी कॉफीच्या रंगाची आणि ताप 103 फॅरेनहाइटच्या वर असेल तर गोचीडताप समजा. ताप नसताना, जोराच्या धावेनंतर अंग ताठून तसाच रंग आला तर स्नायू फुटलेत. दोन्हीत बैल बांधून ठेवा आणि पशुवैद्यकाला लगेच बोलवा. लस टोचल्यावर आठ-दहा दिवस धाव नको. लंगडता बैल दुखणं मारणारी सुई देऊन पळवू नका: दुखणं जात नाही, फक्त कळत नाही.

कुटार_आणि_ढेप:
खुराकाचं सांगतो. साडेतीनशे किलोच्या बैलाला ज्वारीचा कडबा 5-6 किलो, हिरवा चारा 10 किलो, खुराक 2 ते अडीच किलो. त्यात निम्मी सरकी ढेप, बाकी तुरीची चुनी (डाळीचा चुरा) आणि भरडलेली मका. मीठ 30 ग्रॅम, खनिज मिश्रण 50 ग्रॅम. कुटार (मळणीचा भुसा) थोडंच द्या, नुसत्या सोयाबीनच्या कुटारावर पोट लोंबतं. खुराक वाढवायचा तो आठवड्याला पावशेरानं. एकदम धान्य वाढवलं की पोटात आंबटपणा होतो, बैल खात नाही आणि खूर दुखायला लागतात. तूप, अंडी, दूध पाजायचं फॅड आहे, माझ्या मते पैशांची नासाडी.

पटाच्या दिवशी धावेआधी पाच तास चारा बंद. भरलेलं पोट छातीवर दाबतं, दम पुरत नाही. पाणी दोन तास आधी थोडं.

आर्वीचा_गोऱ्हा:
डॉक्टर साहेब, धुरकरी भाऊ, उपकार झाले. मग यंदा नुसतं जू. नाल ठोकायची का? आणि तुतारी (टोचायची अणकुचीदार काठी) चालते का?

धुरकरी_वर्धा:
मऊ पटावर नालेची गरज नाही. सडकेनं नेत असाल तर ठोका. प्रत्येक खुराला दोन पत्र्या लागतात, आणि ठोकल्यावर आठ दिवस धाव नको. खिळा आत गेला असेल तर तेवढ्यात लंगडून दाखवतो.

तुतारी, चाबूक, खिळा, करंट काहीच चालत नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पशुवैद्यकाचा दाखला लागतो, अंतर 1000 मीटरच्या आत. नियम मोडला तर 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. गोऱ्ह्याला आतापासून आवाजावर आणि कासऱ्यावर पळायला शिकवा. मारून शिकवलेला बैल पटावर तुतारी दिसली नाही की उभाच राहतो.