केमोनंतरचा ताप: सकाळपर्यंत थांबू नका

केमोनंतर (कॅन्सरवरच्या केमोथेरपीनंतर) दहाव्या दिवशी रात्री ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबावं का, असा प्रश्न आहे. कृपया थांबू नका. साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५००च्या खाली गेल्या की साधा जंतुसंसर्गही काही तासांत रक्तात पसरू शकतो. पू, सूज फारशी दिसत नाही, कारण ती व्हायलाही याच पेशी लागतात. बरेचदा ताप हीच एकमेव खूण असते आणि गोळीने नेमकी तीच झाकली जाते.

तोंडात मोजून १००.४ फॅरनहाइट भरला की फाइल घेऊन थेट इमर्जन्सीत जा, ‘केमो चालू आहे’ हे दारातच सांगा. शिरेतून अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. हुडहुडी भरली, तर ताप नसला तरी निघा.