आईला घेऊन युटातील झायन ते कॅपिटल रीफ

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आईसोबत अमेरिकेच्या युटा राज्यातल्या झायन राष्ट्रीय उद्यानातून ब्राइस कॅन्यन उद्यानामार्गे कॅपिटल रीफ उद्यानाला मोटारीने जाणार आहोत. तिचे गुडघे दुखतात. फारसे न चालता काय पाहता येईल?

उत्तर १ : ब्राइसहून कॅपिटल रीफकडे नेणारा महामार्ग क्रमांक १२ चुकवू नका. एस्कलान्टे गाव सोडल्यावर बोल्डर गावाच्या अलीकडे हा रस्ता हॉगबॅक नावाच्या अरुंद धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना दरी असते, म्हणून तो टप्पा दिवसाउजेडीच पार करावा.

उत्तर २ : ब्राइसला सनराइज आणि सनसेट पॉइंटमधली अर्ध्या मैलाची फरसबंद वाट बरीचशी सपाट आहे. भेगांतले पाणी गोठून खडक फुटत गेल्याने घडलेले ते केशरी सुळके आमच्या सासूबाई कठड्याला धरून कितीतरी वेळ पाहत होत्या. उंची ८,००० फुटांच्या आसपास असल्याने आईंसाठी शाल अवश्य ठेवा.